दोन कोर्टे, बारा जोड्या

पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच. जाळे मध्यभागी ३४ इंचांवर उतरवले की ग्वाल्हेरातील बॅडमिंटनचा हॉल या खेळास पुरतो.

आपल्या डॉक्टर सभासदांच्या स्पर्धेचे वेळापत्रक मजकडे आले, तेव्हा मी आधी विश्रांती मोजली. बरेच खेळाडू पन्नाशीपुढचे. रुग्णांना दिलेला सल्ला स्वतः पाळण्याची आपल्यात फारशी रीत नाही.

बाद पद्धतीत ११ सामन्यांत निकाल लागतो, परंतु पहिल्याच पराभवाने जोडी घरी जाते. म्हणून चार-चार जोड्यांचे तीन गट केले. सामने १८ झाले. एकच गट सलग खेळवला असता प्रत्येक जोडीला ७५ मिनिटे उसंत नसती. त्याऐवजी पहिली फेरी अ गटाची, दुसरी ब, तिसरी क, मग पुन्हा अ. पंचवीस मिनिटांच्या फेरीने प्रत्येकास ५० मिनिटे विसावा मिळतो आणि सकाळी सहाला आरंभ केल्यास पावणेदहाला गटसामने संपतात.

खरी अडचण मोबाईलची. स्त्रीरोगतज्ज्ञ व त्यांचे नेहमीचे भूलतज्ज्ञ निरनिराळ्या जोड्यांत असले, तर एक तातडीचे सिझेरियन दोन जोड्या मोडते. मी त्यांना एकाच जोडीत ठेवले.

शिवाय दहावी फेरी रिकामी राखली. ती चहासाठी मागण्यात आली, दिली नाही. तोवरही जोडी न परतल्यास सामना प्रतिस्पर्ध्यांचा. काहींना हा नियम कठोर वाटला, परंतु उपांत्य फेरीचे चौघे दहा वाजून दहा मिनिटांनी ठरलेच पाहिजेत.