हमीदनं चिमटाच का घेतला?

नरहर कुरुंदकरांचं आडनाव ज्या गावावरून आलं, त्या आमच्या कुरुंद्यात शाळेतली मुलं अधूनमधून माझ्याकडे कविता, गोष्टी घेऊन येतात. परवा एकाच्या गोष्टीतला मुलगा बापाच्या औषधासाठी आपली सायकल विकतो. का विकतो, असं मी विचारलं. "चांगला मुलगा आहे म्हणून," तो म्हणाला. आता एवढ्यावर गोष्ट कशी उभी राहायची?

प्रेमचंदांची 'ईदगाह' 1933 सालची. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद ईदच्या मेळ्याला जातो, खिशात तीन पैसे. महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा. हमीद लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची रोटी उतरवताना दादीचा हात भाजतो. आपण याला त्याग म्हणतो आणि मोकळे होतो. पण गोष्ट नीट वाचा. खेळणी त्यालाही हवीच आहेत. मोहसिन रेवडी पुढं करतो आणि स्वतःच्याच तोंडात टाकतो, ते त्याला लागतं. दादी खूश होऊन दुवा देईल, हा हिशेबही मनात आहे. आणि चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून तो मित्रांपुढं येतो तेव्हाची त्याची ऐट बघा! नुसती माया असती तर हमीद तसबिरीतला झाला असता.

त्याच 1933 साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पोहायला घाबरणारा श्याम आईच्या मारानं विहिरीपर्यंत जातो. पण पुढं आपण होऊन जायला तयार होतो तो, आपल्याला कुणी भित्रा म्हटलेलं आईला सोसत नाही, हे कळल्यावर.

माझंच सांगतो. दहा-अकरा वर्षांचा असताना एका ईदला मी अब्बांना म्हणालो, "मला नवे कपडे नकोत." पोरगं समजदार झालं, असं दादी गल्लीभर सांगत फिरली. खरी गोष्ट वेगळी होती. आदल्या आठवड्यात अब्बा कापडाच्या दुकानात उधारीसाठी हात जोडून उभे होते आणि माझ्या वर्गातला एक मुलगा ते बघत होता. मला अब्बांची दया आली नव्हती, लाज वाटली होती. दया फार उशिरा आली, ते गेल्यावर. यावर मला आजवर कविता लिहिता आलेली नाही.

त्या मुलाला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाचा, ती लेडीज सायकल होती. पोरं त्याला चिडवायची."

मी म्हटलं, "मग हे लिही की!"