अंगठ्याची साक्ष



मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. भूल देणे म्हणजे रुग्णाला झोपवणे, असा सामान्य समज आहे. वास्तविक मोठ्या शस्त्रक्रियेत शुद्ध हरपवणे आणि वेदना शमवणे यांच्या जोडीला बहुधा स्नायूही शिथिल करावे लागतात. या तिसऱ्या कामाविषयी मी बोलणार आहे. कारण त्यात रुग्णाचा श्वासच आमच्या हाती येतो.

२३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. ग्रिफिथ व डॉ. जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत, तेच हे विष. त्याने पोटाचे स्नायू सैल पडतात, तसे श्वासाचेही. म्हणून शिथिलता मोजणे आवश्यक ठरते.

त्यासाठी मनगटातील मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार सौम्य झटके देतात. शिथिलता वाढते तशा अंगठ्याच्या हालचाली क्षीण होत एकेक करून लोपतात. परंतु श्वासपटल अंगठ्याहून चिवट असते. अंगठा निश्चल असतानाही रुग्ण खोकू शकतो, आणि डोळ्याच्या नाजूक शस्त्रक्रियेत एक खोकला दृष्टी घालवू शकतो.

या निश्चलतेचीही खोली मोजण्याची रीत १९८१ साली डेन्मार्कच्या विबी-मोगेनसेन व सहकाऱ्यांनी मांडली. सेकंदाला ५० या गतीने ५ सेकंद झटके द्यायचे, ३ सेकंद थांबायचे, मग सेकंदाला एकेक झटका देऊन अंगठा किती वेळा हलतो ते मोजायचे. जलद झटक्यांनी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य अधिक स्रवते आणि औषधाचा अडसर क्षणभर सरतो. एकदोन हालचाली दिसल्या तर शिथिलता खोल. एकही नसेल तर त्याहून गाढ.

या आकड्यावर उताराही ठरतो. खोल शिथिलतेवर जुने निओस्टिग्मिन पुरे पडत नाही. युरोपात २००८ साली मान्यता मिळालेले सुगामाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूला वेढून निष्प्रभ करते. एकदोन हालचाली असताना त्याची मात्रा किलोमागे ४ मिलिग्रॅम असते. चारांपैकी दोन झटक्यांना प्रतिसाद येऊ लागल्यावर २ पुरतात.

शेवटी चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के व्हावी, मगच श्वासनलिकेतील नळी काढावी. ४० टक्क्यांपुढचा फरक नुसत्या डोळ्यांना बहुधा उमगत नाही. तेथे मोजणारे यंत्रच हवे. घशाचे स्नायू दुर्बळ राहिले, तर जागा झालेला रुग्ण गुदमरतो आणि ते सांगण्याचे बळही त्याच्यात नसते. म्हणून अनुभव कितीही असो, मोजल्यावाचून नळी काढू नये, एवढेच माझ्या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे.