पंचतंत्र, हालतीं चित्रें आणि लहान मुलें

वाचनाची आवड असलेल्या घरांत पंचतंत्राचें नांव कोणालाहि अपरिचित नसतें. सिंहाला विहिरींत लोटणारा ससा, मगरीला फसविणारें माकड आणि न राहवून तोंड उघडल्यामुळें आकाशांतून पडणारें कांसव यांच्या गोष्टी आजीला तोंडपाठ असतात. म्हणूनच पंचतंत्रावरचीं हालतीं-बोलतीं चित्रें, म्हणजे ॲनिमेशनपट, मुलांपुढें लावतांना आईबापांना संकोच वाटत नाहीं. मूळ ग्रंथ उघडणारा मात्र चपापतो.

पंचतंत्राचे पाठ अनेक आहेत. त्यांपैकीं पूर्णभद्र नांवाच्या जैन यतीनें इ. स. ११९९ मध्यें सिद्ध केलेला पाठ प्रसिद्ध आहे. त्यांत ससे-सिंह आहेत, तशाच जारिणींच्या, कुट्टिनींच्या आणि भोळ्या नवऱ्यांच्या कथाहि आहेत. एक सुतार बायकोची परीक्षा पाहण्यासाठीं परगांवीं जाण्याचें सोंग करतो आणि खाटेखालीं लपतो. बायकोला सुगावा लागतो. ती जाराला मोठ्यानें सांगते कीं, नवऱ्याचें मरण टळावें म्हणून देवीनेंच हा उपाय सुचविला आहे. तें ऐकून सुतार कृतार्थ होतो आणि दोघांनाहि खांद्यावर घेऊन नाचतो! प्रौढ वाचकाला यांतील विनोद कळतो. सहा वर्षांच्या मुलाला यांतून काय द्यावयाचें, हा प्रश्नच आहे.

गंमत अशी कीं, हा ग्रंथ मुलांसाठींच रचल्याचें त्याची प्रस्तावना सांगते. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ति राजाचे तीन मंदबुद्धि पुत्र विष्णुशर्म्याला सहा महिन्यांत नीतिनिपुण करावयाचे असतात. परंतु येथें नीति म्हणजे सदाचार नव्हे, तर व्यवहार आणि राजकारण होय. ज्यांना उद्यां हेर, मंत्री, अंतःपुर आणि शत्रु यांच्यामध्यें राज्य चालवावयाचें, त्यांना कपटाचीं सर्व रूपें दाखविणें गुरूला अवश्य वाटलें. बालवर्गांतील मूल डोळ्यांसमोर ठेवून हा ग्रंथ झालेला नाहीं.

तो बालवाङ्मय झाला तो निवडीमुळें. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ हें मुलांचें मासिक काढलें. मुलांसाठीं वेगळें लिहिलें पाहिजे ही जाणीव पुण्यांत तेव्हांच रुजली होती. पुस्तकाचा संपादक गोष्टी निवडीत असे. घरांत सांगणारी आजी तर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून गोष्ट वळवीत असे. मूल घाबरलें तर राक्षस लवकर मरे, आणि मोठीं माणसें बसलेलीं असलीं तर वाक्याला निराळी धार येई. एकच कथा आजी चार प्रकारांनीं सांगे.

पडद्याला ही सोय नाहीं. कोल्हापुरांतील प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली आणि १९३४ मध्यें तिनें ‘जंबूकाका’ हा छोटा ॲनिमेशनपट काढला. भारतांतील आरंभींच्या अशा पटांत त्याची गणना होते. नांवांतच कोल्हा आहे, पंचतंत्रांतील करटक-दमनकांचा जातभाई! तेव्हांपासून धूर्त प्राणी आणि हालतें चित्र यांची जोडी पुणेकरांना ओळखीची आहे. पण चित्राचा स्वभाव शब्दाहून वेगळा असतो. ‘जार आला’ एवढें लिहून कवि मोकळा होतो. चित्रकाराला मात्र दार, खाट, चेहरा आणि स्पर्श हें सारें काढावें लागतें, आणि काढलेलें चित्र समोरच्या मुलाचें वय ओळखून बदलत नाहीं.

यावर सोपा उपाय म्हणजे कातरी. परंतु कातरी कोठें चालते, हें पाहिलें पाहिजे. देवशर्मा नांवाच्या संन्याशाच्या कथेंत एक कोष्टी दारूच्या धुंदींत बायकोला खांबाला बांधतो. न्हाव्याची बायको दूती असते. कोष्ट्याच्या बायकोला जाराकडे जातां यावें म्हणून ती तिच्या जागीं स्वतःला बांधून घेते. अंधारांत कोष्टी तिलाच आपली बायको समजतो आणि उत्तर मिळालें नाहीं म्हणून तिचें नाक कापतो. ‘अश्लील’ तेवढें काढावयाचें ठरविलें, तर जार जाईल आणि नाक कापणें राहील. मग मुलानें पाहिलें काय? बांधलेली स्त्री, तिच्यावर चाललेला सुरा आणि शेवटीं ‘बायका कपटी असतात’ असें तात्पर्य! शृंगार गेला, पण क्रौर्य राहिलें. त्याचें कारणहि न कळल्यामुळें तें अधिकच भयंकर झालें. अशी कथा अर्धवट ठेवण्यापेक्षां समूळ वगळणेंच योग्य होय.

उलट, कांहीं कथांत रूपांतराला खरा वाव आहे. एक कोष्टी राजकन्येवर लुब्ध होतो. त्याचा मित्र त्याला लांकडी गरुड करून देतो, आणि त्यावर बसून तो विष्णूच्या वेषांत तिच्या महालांत उतरतो. पुढें जांवई साक्षात् विष्णु आहे या भरंवशावर राजा शेजाऱ्यांशीं युद्ध मांडतो. कोष्ट्याला रणांत उतरावें लागतें, आणि आपली अब्रू राखण्यासाठीं खऱ्या विष्णूला त्याच्या देहांत शिरावें लागतें. उडणारें यंत्र आणि खोट्या देवाची फजिती ही चित्रकाराला पर्वणीच! महालांतील रात्र न दाखवितां हें सांगतां येईल. पण मुलीची फसवणूक झाली, ही गोष्ट मात्र लपवितां कामा नये. ती गाळली तर लबाडच आदर्श ठरेल.

हा पेंच केवळ भारतीय नाहीं. चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’वर १९९८ सालीं जोनाथन मायरसन यांच्या दिग्दर्शनाखालीं ॲनिमेशनमालिका निघाली व ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोंचली. तींत कोंबडा आणि कोल्हा यांची गोष्ट आहे, तशीच म्हाताऱ्या नवऱ्याला फसविणाऱ्या तरुण बायकोचीहि आहे. पहिली लहानांना रुचेल, दुसरी प्रौढांची आहे. केवळ चित्रें रंगीत आहेत म्हणून दोन्ही मुलांच्या होत नाहींत.

चित्रगृहांतील पटांना प्रमाणपत्र लागतें, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें ७, १३ व १६ वर्षें अशा पायऱ्याहि ठरल्या आहेत. परंतु यूट्यूबसारख्या ठिकाणीं पट मुलांसाठीं आहे कीं नाहीं, हें तो चढविणाराच सांगतो. म्हणून शेवटची जबाबदारी घरावर येते. पट आधीं स्वतः पाहावा. त्यांत कोणाच्या अपमानावर हसूं येतें, मार कोणाला बसतो आणि ज्याची फसवणूक झाली त्याला शेवटीं कांहीं न्याय मिळतो कीं नाहीं, हें तपासावें. मग शक्य तेव्हां मुलाशेजारीं बसून तो पाहावा. आजी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असे. पडदा तें करूं शकत नाहीं, पण शेजारीं बसलेलें माणूस करूं शकतें.