उलटी तार आणि फूटव्हॉल्व्ह

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तरीही आज सौर पॅनेलच्या उलट्या जोडणीबद्दल बोलणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

जुलै २०२१. पंचगंगेला महापूर आला होता. ऑगस्ट २०१९चा पूर कोल्हापूरकर विसरले नव्हते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. या वेळीही पाणी गल्लीच्या तोंडाशी आले आणि वीज बंद झाली. आमच्या गच्चीवर छोटे सौर पॅनेल, खाली बॅटरी. बॅटरी भिजू नये म्हणून ती मी वरच्या खोलीत नेली आणि अंधारातच तारा जोडल्या. लाल तार काळीच्या जागी गेली. ठिणगी उडाली, जळका वास आला. आजारी अम्मीने त्या तीन रात्री मेणबत्तीवर काढल्या.

पाणी ओसरल्यावर उद्यमनगरात काम करणारा माझा भाचा आला. जळलेला डबा उघडून म्हणाला, "मामू, बॅटरीला तुमचं वय कळत न्हाई, नुसतं लाल-काळं कळतं."

मग त्याने मला समजावले ते असे. नदीवरच्या पंपाच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. पंप बंद झाला की झडप मिटते आणि वर चढलेले पाणी नदीत परत जात नाही. विजेच्या वाटेवरची अशी झडप म्हणजे डायोड. दिवसा पॅनेल बॅटरी भरते. रात्री बॅटरीतली वीज उलट पॅनेलकडे पाझरू शकते. डायोड ती अडवतो.

पण ही झडप फुकट काम करत नाही. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. ५ अँपिअर वीज वाहत असेल तर साडेतीन वॅट नुसत्या उष्णतेत जातात. वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा शॉटकी डायोड साधारण ०.४ व्होल्ट घेतो, म्हणजे दोन वॅट. पावसाळ्यात, चार दिवस ऊन दिसत नाही तेव्हा, हेही थोडे नव्हे.

शिवाय बॅटरीच्या तारेत वीज दिवसा आत येते आणि रात्री बाहेर जाते. तिथे एकाच दिशेची झडप चालणार कशी? तिथे मॉसफेट कामी येतो. हा तीन पायांचा, फाटकासारखा चालणारा स्विच. बॅटरी बरोबर जोडली की फाटक सताड उघडते, उलटी जोडली की मिटलेलेच राहते. चांगल्या मॉसफेटचा रोध १० मिलिओहम धरला, तर ५ अँपिअरला अवघे ०.०५ व्होल्ट, म्हणजे पाव वॅट खर्च होतो.

यातही दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एकदा उघडलेले हे फाटक दोन्ही दिशांनी वीज जाऊ देते. म्हणून पॅनेलच्या वाटेवर रात्रीसाठी एकटा मॉसफेट पुरत नाही. दिशा ओळखून तो बंद करणारे सर्किट सोबत लागते. दुसरे असे, की पॅनेलकडून वीज येत असेल तर बॅटरी उलटी असतानाही फाटक उघडू शकते. म्हणून बॅटरी जोडण्याआधी पॅनेलवर जाड चादर टाकावी.

भाच्याने बॅटरीच्या तारेत मॉसफेट बसवला, बॅटरीजवळ फ्यूज घातला. पॅनेल झाकून त्याने तारा मुद्दाम उलट्या जोडल्या. मी दोन पावले मागे सरकलो. काहीच झाले नाही. सुलट्या केल्यावर दिवा लागला. अम्मी म्हणाली, "आता तू तारांना हात लावू नकोस."

तुमच्याकडे तयार चार्ज कंट्रोलर असेल तर त्याची पुस्तिका आधी पाहा. रात्रीची उलटी वीज अडवण्याची सोय बहुतेकांत असतेच. तिथे वेगळा डायोड जोडून वीज वाया घालवू नका. बॅटरी उलटी जोडली तर काय होते, हेही त्यात वाचा. फ्यूज नसेल तर बसवून घ्या. आणि दोन्ही तारांना लाल-काळी पट्टी आजच, दिवसाउजेडी लावून ठेवा.