वकिलाची सनद आणि अपिलाचा मार्ग

वकिली हा पक्षकाराच्या विश्वासावर उभा असलेला व्यवसाय आहे. तो विश्वास मोडणाऱ्या वकिलाची सनद काढून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु सनद गेली म्हणजे चरितार्थही गेला. त्याचप्रमाणे, तक्रार अकारण फेटाळली गेली तर फसवणूक झालेल्या पक्षकारावर अन्याय होतो. या दोन्ही शक्यता ध्यानात घेऊन अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये अपिलाची व्यवस्था करण्यात आली आहे.

वकिलाविरुद्धची तक्रार प्रथम राज्याच्या वकील परिषदेकडे करावयाची असते. महाराष्ट्र व गोवा यांसाठी एकच परिषद आहे. तक्रारीत तथ्य असल्याचे मानण्यास कारण असेल तर परिषद ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपविते. वकिलाला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, त्याची वकिली ठरावीक मुदतीपुरती तहकूब करू शकते किंवा त्याचे नाव नोंदपटावरून कमी करू शकते. तक्रारीचा निकाल एका वर्षात न लागल्यास प्रकरण भारतीय वकील परिषदेकडे जाते.

राज्य परिषदेच्या समितीचा आदेश मान्य नसल्यास, तो कळविण्यात आल्यापासून ६० दिवसांत भारतीय वकील परिषदेकडे अपील करता येते. तेथील निर्णयाविरुद्ध पुन्हा ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. विलंबास पुरेसे कारण असल्यास तो माफ होऊ शकतो.

अपील कोणी करावे, हा प्रश्नही न्यायालयापुढे आला होता. राज्याच्या महाधिवक्त्याला असा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ठरविले. १९७३ च्या दुरुस्तीने तो अधिकार त्यांना देण्यात आला. पुढे १९७५ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने राज्य परिषदेलाही अपिलाचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. व्यवसायाची शुद्धता राखणे हे परिषदेचे कर्तव्य असल्याने, तिच्या समितीचा आदेश वर फिरविला गेल्यास ती स्वस्थ बसण्यास बांधलेली नाही, हे यामागील सूत्र होय.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. अपील दाखल झाले म्हणून मूळ आदेश आपोआप थांबत नाही. स्थगितीची मागणी पुरेशा कारणांसह स्वतंत्रपणे करावी लागते. ती मिळेपर्यंत वकिली तहकूब झालेल्या वकिलाला कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही. तसेच, अपिलात शिक्षा वाढवावयाची असल्यास संबंधित वकिलाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे.

गावोगावी लोक सल्ल्यासाठी शिक्षकांकडे व पंचायतीच्या सदस्यांकडे येतात. आदेशाची प्रत कोणत्या तारखेस हाती पडली, हे नोंदवून ठेवण्यास त्यांनी प्रथम सांगावे. न्यायाची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.