डोंगरावर घर घेताना

उन्हाळ्यात महाबळेश्वरची थंड हवा अनुभवली की अनेकांना वाटते, निवृत्तीनंतर अम्मी-अब्बांसाठी इथेच घर घ्यावे. विचार चांगला आहे. पण घर पाहायला मे महिन्यात नव्हे, जुलैत जा.

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळाभर धुके, ओल आणि बुरशी असते. दमा किंवा सांधेदुखी असलेल्यांना ते सोसणे कठीण जाते. सुमारे २० किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. घाटाखाली वाईत त्याहून कमी.

दवाखाना, बाजार, मशीद पायी गाठता येते का, वाटेत चढ किती, हेही चालून पाहा.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर निर्बंध आहेत. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून सातबारा, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

शक्य असेल तर आधी एक पावसाळा भाड्याने राहा. आयुष्यभराची कमाई गुंतवण्यापूर्वी चार महिन्यांचे भाडे महाग नाही.