लोखंडातला वारा

विहिरीवरच्या पंपाचे अंग बिडाचे असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोखंड वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, निवले की साचा फोडायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तेथे नांगराचे भाग असेच ओतले जात.

कधी कधी नव्या पंपाच्या अंगातून पाणी पाझरते. वरून तडा दिसत नाही. मग पाणी येते कुठून? आत बारीक भोके असतात. पुष्कळदा ती वायूने पाडलेली असतात. त्यांतला एक नत्रवायू.

नत्र शेतकऱ्याला नवे नाही. युरियात ते असते. हवेतही शंभरात ७८ भाग नत्रवायूच आहे. भंगारातून, कोळशातून, वाळू घट्ट बसावी म्हणून घातलेल्या राळेतून तो लोखंडात शिरतो. लोखंड पातळ आहे तोवर विरघळून राहतो. ते घट्ट होऊ लागले की त्याला जागा पुरत नाही. सोड्याची बाटली फोडली की फेस येतो ना? तसाच तो बाहेर पडू बघतो. पण वाट बंद झालेली! मग आतच भोक पाडून बसतो. एक टन बिडात १०० ग्रॅमच्या वर नत्र झाले की ही भीती असते.

यावर उपाय आर्गॉन नावाच्या वायूचा. तो १८९४ साली इंग्लंडात सापडला. नावाचा अर्थच ‘आळशी’. तो लोखंडात विरघळत नाही, कशाशी जुळतही नाही. हा आळसच इथे कामाला येतो.

पातळ लोखंडाच्या भांड्याला बुडाशी बारीक छिद्रांची वीट बसवतात. तिच्यातून आर्गॉन सोडतात. बुडबुडे वर चढू लागतात. बुडबुडा म्हणजे जणू रिकामी एस. टी. शेवगावच्या स्टँडवर रिकामी गाडी लागली की माणसे कशी भराभर चढतात! तसे नत्र बुडबुड्यात शिरते, त्याच्याबरोबर वर येते आणि निघून जाते. बुडबुडे बारीक हवेत. मोठा बुडबुडा भसकन वर जातो, फारसे काही नेत नाही. सगळे नत्र काही जात नाही, बरं का. फार वेळ लावला तर लोखंडच निवते. म्हणून मुळात भंगार निवडून घ्यावे हे बरे.

कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलांना एक गोष्ट मात्र सांगून ठेवा. आर्गॉन हवेपेक्षा जड. तो खड्ड्यात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. तिथे श्वास चालतो, पण प्राणवायू मिळत नाही. माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरीत एक पडला, त्याला काढायला उतरलेला दुसराही गेला, असे आपण ऐकतो. तेच इथे होते. हवा तपासल्यावाचून अशा खड्ड्यात उतरू नये. आणि कुणी पडलाच, तर हवेची नळकांडी व मुखवटा असलेल्या माणसानेच आत जावे.